माथेरानच्या लाल मातीत घोड्यावर

मध्य रेल्वेच्या कर्जत लोकलने नेरळला उतरले की समोरच माथेरानचा डोंगर उभा दिसतो. मुंबई-कल्याणच्या चाळीत राहणाऱ्या कुटुंबाने सकाळी निघावे, दिवसभर थंड हवा खावी आणि रात्री घरी यावे, असे हे जवळचे ठिकाण. यंदा मार्चमध्ये आमच्या वस्तीतले आम्ही एकोणीस जण, त्यात बायका, मुले आणि आमची सत्तरीला आलेली आत्या, असे तिथे जाऊन आलो. डबे घरचेच होते.

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी हा डोंगर इंग्रजांच्या नजरेस आणला. पुढे १९०७ मध्ये नेरळहून वर जाणारी छोटी गाडी सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने ती बांधली. रुळांची रुंदी फक्त दोन फूट. २०१९ च्या पावसाने हा मार्ग वाहून नेला, तो २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. पण माथेरानची खरी ओळख गाडी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या या गावात मोटारींना बंदी आहे. २००३ पासून केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला आहे. टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंत येते. तिथे प्रवेश कर भरायचा आणि पुढे बाजारापर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर आपल्या पायांनी जायचे, नाहीतर घोड्याच्या.

दस्तुरीला उतरताच घोडेवाल्यांनी आम्हाला गराडा घातला. "दादा, सगळे पॉइंट दाखवतो", "ताई, घोडा गरीब आहे, पोरांना बसवा". पहिल्यांदा जाणारा माणूस गोंधळून जातो. पण या गलक्यातही एक शिस्त आहे हे थोड्या वेळाने कळते. प्रत्येक घोड्याचा परवाना असतो, दराचा फलक लावलेला असतो. आम्ही मुलांसाठी आणि गुडघ्याने अधू असलेल्यांसाठी मिळून सहा घोडे ठरवले. बाकीचे पायी.

घोड्यावर बसणे सिनेमात दिसते तेवढे सोपे नाही. नेहमी डाव्या बाजूने चढायचे. डावा पाय रिकिबीत ठेवायचा, खोगिराची पुढची मूठ धरायची आणि एका दमात उजवा पाय पलीकडे टाकायचा. त्याआधी घोडेवाला पोटाखालचा तंग ओढून पाहतो, कारण तंग ढिला असला तर खोगीर फिरते आणि बसणारा घोड्याच्या पोटाखाली जातो. वर बसल्यावर पहिली जाणीव होते ती उंचीची. खालून लहान वाटणारे जनावर वरून भलतेच उंच वाटते. मग ते चालू लागते आणि आपल्या लक्षात येते की आपण ज्यावर बसलो आहोत ते जिवंत आहे, त्याला स्वतःचे मन आहे.

आमच्या घोडेवाल्याने चालता चालता धडे दिले. चढ आला की अंग पुढे झुकवा, उतार आला की मागे रेला. टाचा खाली दाबा, गुडघे आत ठेवा. लगाम हिसकू नका, त्याच्या तोंडात लोखंड आहे. घोड्याचे कान बघत राहा. कान पुढे असले तर त्याचे लक्ष रस्त्यावर आहे, कान मागे चिकटले तर तो रागावला आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, फक्त थेट पाठीमागचे दिसत नाही. म्हणून त्याच्या मागे कधी उभे राहायचे नाही. हे सारे त्या तरुणाने कोणत्या शाळेत शिकून घेतले नव्हते. वडिलांच्या मागे चालून घेतले होते.

संथ चालीत मजा वाटते. घोडा दुडक्या चालीने निघाला की परीक्षा सुरू होते. त्याच्या तालाबरोबर आपण उठलो-बसलो नाही तर प्रत्येक पावलाला खोगीर खालून रट्टा देते. आमच्या मेहुण्यांनी शार्लोट तलावाच्या वाटेवर हौसेने घोडा दुडकवला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात ते खुर्चीच्या काठावर बसून होते. वाटेत एका झाडावरून माकड धप्पकन उडी मारून खाली आले तेव्हा आमच्या दहा वर्षांच्या पुतण्याचा घोडा बुजला आणि अर्धा वळला. पोराने अयाळ घट्ट धरली. घोडेवाल्याने आरडाओरडा केला नाही. घोड्याच्या मानेवर हात ठेवून दोन शब्द बोलला आणि जनावर शांत झाले. तांबड्या मातीचा धुरळा तेवढा सगळ्यांच्या अंगावर बसला.

आत्या मात्र घोड्यावर बसायला तयार नव्हती. गुडघे दुखत होते तरी काठी टेकत चालत होती. घोडेवाला म्हणाला, "आजी, माझा घोडा लेकरासारखा आहे, बसा." आत्या म्हणाली, "बाळा, आपल्यात नवरदेवसुदिक घोड्यावर बसला न्हाई, मी कुठं बसू?"

तिचे लग्न बहात्तरच्या दुष्काळाच्या साली जालन्याकडच्या एका खेड्यात झाले. नवरदेवासाठी घोडा ठरला होता. पण गावातल्या मोठ्या गल्लीतून घोडा न्यायचा नाही असा निरोप आला आणि तिचा नवरा, म्हणजे आमचे मामा, वेशीपासून पायी मांडवात आले. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती जुनी झाली असे म्हणायची सोय नाही. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात एका दलित तरुणाला स्वतःच्या लग्नाची वरात कासगंज जिल्ह्यातल्या एका गावातून नेण्यासाठी कोर्टापर्यंत जावे लागले आणि शेवटी पोलिसांच्या बंदोबस्तात ती निघाली.

घोडा आणि आपला समाज यांतले अंतर किती महागात पडले याचा दाखला खुद्द बाबासाहेबांच्या आयुष्यात आहे. १९२९ साली धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला उतरले. स्टेशनवरचा एकही टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा आपल्यातलाच एक माणूस होता आणि त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हाकणाऱ्याच्या मनात प्रेम होते, हातात सराव नव्हता. तो सराव त्याला कुणी करू दिला होता? घोड्याची विद्या पुस्तकातून येत नाही. ती लगाम हातात घेऊनच येते, आणि लगामच ज्याच्या हाती कधी दिला नाही त्याने ती शिकायची कशी?

आत्या शेवटी बसली. दोन जणांनी उचलून बसवले. पहिली दहा मिनिटे डोळे मिटून होती. पॅनोरमाच्या रस्त्याला लागल्यावर तिने डोळे उघडले आणि घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. पुढे मात्र ती उतरायलाच तयार नव्हती. घोडेवाल्याने ठरलेल्या फेरीपेक्षा थोडे जास्त फिरवले आणि जादा पैसे मागितले नाहीत. आम्ही ते दिले.

या घोडेवाल्यांचा हिशेबही पाहावा. हिशेब पाहणे हा आमचा पेशाच आहे. गिऱ्हाईक येवो न येवो, घोड्याचा तोबरा रोज भरावा लागतो. चंदी, गवत, ठरावीक मुदतीने नाल बदलणे, आजारपणात डॉक्टर. पावसाळ्यात पर्यटक कमी होतात, पण घोड्याची भूक कमी होत नाही. घोडा पर्यटकाला घेऊन जातो तेव्हा घोडेवाला शेजारून पायी चालतो. दिवसाला तो किती किलोमीटर चालत असेल याचा विचार वर बसणारे फारसे करीत नाहीत. रस्त्यावर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवरून घोड्याचे पाय घसरतात ही त्यांची तक्रार न्यायालयापर्यंत गेली.

त्याहून कठीण काम हातरिक्षावाल्यांचे. माणसाने माणसाला ओढायचे. ९४ परवाने होते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर चालवायला मान्यता दिली. घोडेवाल्यांना धंदा बसण्याची भीती वाटली, रिक्षावाल्यांना छातीचे दुखणे थांबेल असे वाटले. दोघेही गरीब आणि दोघेही आपल्या परीने बरोबर. ऑगस्ट २०२५ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणे हे घटनेने दिलेल्या सामाजिक न्यायाच्या वचनाशी विसंगत आहे, असा त्या निकालाचा आशय होता. घोड्याला मात्र माथेरानमध्ये पर्याय लवकर निघेल असे आम्हाला वाटत नाही. आतल्या पायवाटांवर चाक चालणार नाही, आणि चालूही नये.

गावात ऑलिम्पिया नावाचे रेसचे मैदान आहे. तिथे स्थानिक घोडेवाले आपलेच घोडे पळवतात. एरवी मुलांना घेऊन मुकाट चालणारे जनावर मोकळ्या मैदानावर कसे सुटते ते आम्हाला एका पोराने दाखवले. रिकिबीत उभा राहून, पाठ घोड्याला समांतर करून तो गेला आणि काही क्षणांत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला दिसला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

रेस म्हटले की आमच्या वाचकांना महालक्ष्मी आठवेल. ते मैदान १८८३ चे. १९४३ पासून भारतातली मोठी डर्बी तिथे होते, २४०० मीटरची. सुमारे अडीच मिनिटांत सारे संपते. जॉकी म्हणजे साधारण पन्नास-पंचावन्न किलोचा सडसडीत माणूस. तो वजन वाढू नये म्हणून अर्धपोटी राहतो आणि एका घसरणीत हाडे मोडून घेतो. जास्त ताकदीच्या घोड्यावर जास्त वजन लादून शर्यत बरोबरीची करतात. ही कसरत पाहण्यासारखी आहे यात शंका नाही. २०२४ मध्ये या मैदानाच्या सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेला देण्याचे ठरले.

पण परळ-भायखळ्याच्या चाळींनी रेसचा दुसरा चेहराही पाहिला आहे. पगाराच्या दिवशी घरी न येणारा बाप. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिला. कौशल्य घोड्याचे आणि जॉकीचे, असे आम्ही म्हणू. पैसे लावणाऱ्याचे गणित वेगळे असते. टोटवर सगळ्यांचे पैसे एका ढिगात जमा होतात, त्यातून आधी कर आणि क्लबचा वाटा निघतो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. समजा दहा हजार जमले आणि अडीच हजार निघाले, तर वाटायला साडेसात हजारच राहतात. म्हणजे सगळे खेळणारे मिळून प्रत्येक शर्यतीत अडीच हजार हरलेलेच असतात, घोडा कोणताही येवो. त्यात २८ टक्के जीएसटी आला, २०२५ मध्ये तो ४० टक्के झाला. शर्यत जरूर पाहावी. तिकिटाचे पैसे सोडून बाकीचे घरी ठेवून जावे.

माथेरानला जाणाऱ्यांसाठी थोडेसे. शनिवार-रविवार टाळावेत, गर्दी फार असते. दर फलकावर पाहून, फेरी कुठपर्यंत हे बसण्यापूर्वीच पक्के करावे. साडीवरही घोड्यावर बसता येते, पण पंजाबी ड्रेस बरा. पायात चप्पल नको, बूट हवेत. लहान मुलाला एकटे बसवले तर घोडेवाल्याला लगाम हातात धरूनच चालायला सांगावे. माकडांसमोर खाऊची पिशवी उघडू नये. घोड्याला काही खायला द्यायचे असल्यास आधी त्याच्या मालकाला विचारावे आणि तळहात सपाट ठेवून द्यावे, म्हणजे बोटे सुरक्षित राहतात. परतीच्या नेरळ लोकलला संध्याकाळी बसायला जागा मिळत नाही, तेव्हा साडेचारलाच खाली उतरायला लागावे.