हरताळ

दुर्गाघाटाजवळच्या आमच्या जुन्या घरात गेल्या चैत्रात कपाट आवरताना एक हस्तलिखित पोथी निघाली. आजीला इतका आनंद झाला, की तिथंच जमिनीवर बसून तिनं वाचायला घेतली. पान उलटायला बोट जिभेला लावलं आणि पुढं. एका ओळीत तीन अक्षरांवर पिवळा लेप होता, त्यावर काळ्या शाईनं नवी अक्षरं.

"चुकलं की हरताळ फासायचे," आजी म्हणाली.

मी कंटेंट रायटर. ‘आश्वासनांना हरताळ’ असं हेडिंग निदान वीसदा तरी दिलं असेल. हरताळ ही खरीखुरी वस्तू असते, हे मला पंचविशीत कळलं! (इंग्रजीत बी.ए. केल्याचा परिणाम, इति बाबा.)

हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं पिवळंधमक खनिज. त्याची पूड गोंदात कालवून चुकलेल्या अक्षरांवर लावत आणि वाळल्यावर वर पुन्हा लिहीत. कागदालाच हरताळ दिला की कीडही दूर राहायची. विषच ते! ‘आर्सेनिक’ हा शब्दसुद्धा ग्रीकांनी आधी हरताळासाठीच वापरला होता.

दुकानं बंद ठेवतात तो हरताळ वेगळा, हाटाला टाळं लावण्याचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या घरपट्टीविरुद्ध १८१०-११ मध्ये आमच्या बनारसनं तो असा पाळला, की शेवटी कंपनीला इथली घरपट्टी मागं घ्यावी लागली. हरताळानंच हुकमाला हरताळ फासला म्हणायचा. हरतालिकेचा मात्र या दोन्हींशी काही संबंध नाही, हे आजीनं आधीच बजावलंय.

पण माझं लक्ष तिच्या बोटाकडं होतं. हरताळ पाण्यात फारसा विरघळत नाही, हे खरं. तरी त्याची पूड रोज पोटात कशाला?

"आजी, ते विष आहे गं."

"मामंजी जन्मभर असंच वाचायचे."

पोथी कपाटात ठेवूया म्हटलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नजर अधू झालेली, त्यात सासरची ही एवढीच वस्तू हाताशी उरलेली. चूक माझीच होती.

आता लॅपटॉप उघडण्याआधी अर्धा तास मी तिच्याजवळ बसते. पानं मी उलटते, कोरड्या बोटांनी, आणि ती वाचते. मग मी दोघींच्या हातांवर साबण घालते.

"माझे कशाला? मी कुठं हात लावलाय?" ती रोज कुरकुरते. आणि धुते.