थोपटणं

साताऱ्यात मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यक्रमांत लिंबातून रक्त काढून दाखवायचो आणि मग त्यामागचं रसायन फोडून सांगायचो. त्यामुळे आमच्या शेजारच्या निवृत्त नर्समावशी पुण्याहून दोन दिवसांचं शिबिर करून आल्या आणि चेहऱ्यावर बोटांनी थोपटून मनावरचा ताण उतरतो म्हणू लागल्या, तेव्हा मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. कोजागरीला गच्चीवर सगळ्यांदेखत म्हणालो, "मावशी, मग टाळ्या वाजवून दातदुखीही जाईल." सगळे हसले. मावशीही हसल्या आणि माझ्या पेल्यात आणखी दूध ओतलं.

पुढच्या पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात वळणावरच्या खडीवरून माझी स्कूटर घसरली. मागे नऊ वर्षांचा मुलगा होता. त्याचा पाय मोडला. प्लास्टर निघालं, तो पुन्हा क्रिकेट खेळायला लागला. मी मात्र स्कूटरला हात लावेना. शाळेत चालत जायचो. चाकाखाली खडी करकरली की तळहातांना घाम फुटायचा. घरात कुणाला काही बोललो नाही. विज्ञानाचा मास्तर खडीच्या आवाजाला घाबरतो, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

मावशींना बायकोने सांगितलं असावं. त्या एका दुपारी मेतकूट-भात घेऊन आल्या, मला जेवू घातलं आणि समोर खुर्ची ओढून म्हणाल्या, "सर, शून्य ते दहात आकडा सांगा. किती त्रास होतोय?"

मी म्हटलं, "नऊ." आकडा विचारला म्हणून उत्तर दिलं, "काय वाटतंय" असं विचारलं असतं तर उठून गेलो असतो. पुढे कळलं, की अशी पट्टी वर्तनोपचारवाल्या जोसेफ वोल्पे यांची, मुळात शून्य ते शंभरची.

त्यांनी माझा हात घेतला आणि करंगळीखालच्या तळहाताच्या कडेवर दोन बोटांनी थोपटायला सुरुवात केली. संधिवाताने गाठाळलेली बोटं, आणि प्रत्येक थापेला हिरव्या बांगड्यांची किणकिण. "माझ्या मागून म्हणा. माझ्या हातून पोराचा पाय मोडला, तरी मी मला आपला म्हणतो." शिबिरातलं वाक्य 'स्वतःला पूर्णपणे स्वीकारतो' असं काहीतरी पुस्तकी होतं, ते त्यांनी आपल्या भाषेत आणलं होतं. पहिला अर्धा भाग मी म्हटला. दुसरा निघेना. तीनदा प्रयत्न केला आणि मग एवढा रडलो, की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. मावशींचं थोपटणं थांबलं नाही. भुवईच्या आतल्या टोकाशी, डोळ्याच्या बाजूला, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटीवर, गळ्याच्या हाडाखाली, काखेखाली, टाळूवर. "आता?" "सहा असेल."

त्या दिवशी चमत्कार झाला नाही. पहिला आठवडा स्कूटर फाटकापर्यंत ढकलत न्यायची, तिथे उभं राहून थोपटायचं, परत यायचं. मावशी रोज संध्याकाळी आकडा विचारायच्या. महिनाभराने मी मंडईत गेलो, दिवाळीत घाट चढलो. मुलगा मागे होता. त्याला हे काही माहीत नव्हतं.

बरा झाल्यावर माझ्यातला मास्तर जागा झाला. वाचायला बसलो. अमेरिकेत १९८० च्या सुमारास रॉजर कॅलाहन या मानसशास्त्रज्ञाने पाण्याला घाबरणाऱ्या एका बाईंना डोळ्याखाली थोपटायला लावलं, तिथून हे सुरू झालं. त्यांचे विद्यार्थी गॅरी क्रेग, शिक्षणाने इंजिनिअर, यांनी नव्वदच्या दशकात ते सोपं करून ईएफटी (इमोशनल फ्रीडम टेक्निक्स) नाव दिलं. शरीरातून वाहणाऱ्या ऊर्जेच्या वाहिन्या वगैरे उपपत्ती मला तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही. मग २००३ चा कॅनडातला प्रयोग हाती लागला. ११९ विद्यार्थ्यांचे गट पाडले; कुणी ठरलेल्या जागी थोपटलं, कुणी हातावर भलतीकडेच, कुणी चक्क बाहुलीवर. थोपटणाऱ्या तिन्ही गटांची भीती सारखीच उतरली.

कागद छापून घेऊन मी मावशींकडे गेलो. चोर पकडल्यासारखा गेलो, हे कबूल करायला हवं. त्यांनी चष्मा लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "बाहुलीवरही चालतं? बरंच झालं की. लहान पोरांना शिकवायला सोपं जाईल." मग थांबून म्हणाल्या, "आणि सर, रडणाऱ्या पोराला आपण थोपटतो, ते जागा बघून थोडंच थोपटतो?"

याच मावशी झोपेच्या गोळ्या बंद करू पाहणाऱ्या एका बाईंना हाताला धरून मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेल्या होत्या. थोपटणं कुठे संपतं हे त्यांना माझ्यापेक्षा नीट ठाऊक होतं. मी मात्र फक्त हसायला शिकलो होतो.

पुढे दहावीच्या पेपराआधी हात थरथरणारी मुलं मला दिसू लागली. आधीही असतीलच. त्यांना मी वाहिन्यांचं काही सांगत नाही. शेजारी बसतो, आकडा विचारतो, तळहाताच्या कडेवर थोपटायला सांगतो.

कोजागरीच्या त्या वाक्याबद्दल माफी मागायची राहूनच गेली होती. गेल्या वर्षी मावशींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनआधी दवाखान्यात गेलो, ते ठरवूनच. कॉटशेजारी स्टुलावर बसलो, पण शब्द फुटेना म्हणून विचारलं, "मावशी, आकडा किती?"

"माझा दोन. तुमचा मोठा दिसतोय," असं म्हणून त्यांनी माझाच हात ओढून घेतला आणि थोपटायला लागल्या. ऑपरेशनसाठी बांगड्या काढून ठेवल्या होत्या. किणकिण तेवढी नव्हती.