गाडीला धुके कळत नाही



आज साठवणीचे पापड नाहीत, की पर्युषणाची तयारी नाही. आज गाडीच्या दिव्यांवर लिहिते आहे. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

मागच्या वर्षी मुलाने आमची जुनी गाडी काढून नवी घेऊन दिली. ह्यांचे वय अडुसष्ट, एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. मुलगा म्हणाला, "बाबा, हिच्यात दिव्यांची कटकटच नाही. बटण ऑटोवर ठेवले आहे. अंधार पडला की दिवे आपोआप लागतील. तुम्ही हात लावू नका."

ह्यांना ते पहिल्या दिवसापासून पटले नाही. भर दुपारी झाडांची दाट सावली आली, पुलाखालून गेलो, की दिवे लागायचे. समोरून येणारे लोक हाताची बोटे उघडमीट करून "लाइट चालू आहे" असे खुणावायचे. घरी आल्यावर गाडी बंद केली तरी दिवे थोडा वेळ तसेच राहायचे. शेजारचा मुलगा रोज धावत यायचा, "काका, लाइट राहिले!" हे वैतागायचे. "गाडी मी चालवतो की ही मला चालवते?" असे म्हणून ऑटोवरून बटण काढायचे. मी पुन्हा लावायला सांगायची.

मी काय म्हणायची तेही लिहिते, लपवत नाही. "एवढ्या इंजिनिअर लोकांनी डोके लावून केले, तुम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त कळते का? माझ्या स्कूटीचा दिवा तर बंदच होत नाही. मी तक्रार करते का?" स्कूटीचे खरे होते. १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नवीन दुचाकीचा पुढचा दिवा गाडी सुरू असेपर्यंत लागलेलाच राहतो, बंद करायचे बटणच नसते. सुरुवातीला मलाही लोक खुणा करायचे. मग कळले की तो दिवा मला दिसावे म्हणून नाही, मी इतरांना दिसावे म्हणून आहे. मला ते पटले होते. पण त्याचा खरा अर्थ तेव्हाही माझ्या ध्यानात आला नव्हता.

जानेवारीत नणंदेकडे साकोलीला निघालो. सकाळचे सात वाजून गेले होते, सूर्य उगवला होता, पण भंडाऱ्याबाहेर कारधाजवळ वैनगंगेच्या पुलावर आलो आणि सगळे पांढरे झाले. पुलाचा कठडासुद्धा दिसेना. ह्यांनी विचारले, "अगं, दिवे लागलेत ना?" मी समोर पाहिले. धुक्यावर आमच्याच गाडीचा उजेड पडलेला दिसत होता. काट्यांच्या पाटीवरही प्रकाश होता. मी म्हणाले, "लागलेत. ऑटोवर आहे ना, चला."

पूल ओलांडून थोडे पुढे गेलो तर समोर धानाची पोती भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, मागे ना लाल दिवा, ना चकाकणारी पट्टी. ह्यांनी ब्रेक दाबला. आणि मागून टायर घासल्याचा असा आवाज आला की मी डोळे मिटून नवकार म्हणायला लागले. उघडले तेव्हा मागच्या काचेत ट्रकचे तोंड होते, बाकी काही नाही. हातभर अंतर राहिले असेल.

ट्रकवाला उतरून आला. मला वाटले आता शिव्या घालेल. त्याचाही चेहरा उतरला होता. म्हणाला, "चाचाजी, पीछे एक भी लाइट नहीं जल रही आपकी." ह्यांनी काही न बोलता बटण फिरवले. साकोलीपर्यंत आम्ही दोघेही गप्प होतो.

नंतर गाडी दाखवायला नेली तेव्हा मेकॅनिकने समजावले. समोरच्या काचेवर, आरशाच्या मागे एक छोटासा डोळा असतो. बाहेर उजेड किती आहे एवढेच तो मोजतो. दाट सावलीत उजेड कमी होतो, म्हणून तो दिवे लावतो. दिवसाचे धुके पांढरेशुभ्र असते, उजेड भरपूर, म्हणून तो लावत नाही. मला दिसला तो उजेड इंजिन सुरू होताच लागणाऱ्या दिवसाच्या छोट्या दिव्यांचा होता. आमच्या गाडीत ते फक्त पुढे आहेत. मागचे लाल दिवे पुढचे मोठे दिवे लागले तरच लागतात. आणि काट्यांची पाटी दिवसाही उजळलेली असते, म्हणून आत बसलेल्याला पत्ता लागत नाही. धुक्यात दिवे स्वतः लावा, असे गाडीच्या पुस्तकातही लिहिले होते. ते आम्ही प्लॅस्टिकमधून काढलेच नव्हते.

कायदा पाहिला तर तोही हेच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०५ वा नियम म्हणतो की सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, आणि पुरेसा उजेड नसेल तेव्हा केव्हाही, दिवे लागलेले हवेत.

ते वाचताना मला सासूबाई आठवल्या. आपल्या घरांत सूर्यास्ताआधी जेवण आटोपायचे असते. पंचांगात वेळ दिलेली असते, भिंतीवर घड्याळ असते. पण पावसाळ्यात आभाळ भरून आले की सासूबाई अंगणात जाऊन तळहात समोर धरायच्या. रेषा दिसल्या तर पान वाढायचे. नाही दिसल्या तर घड्याळात वेळ असली तरी पान वाढायचे नाही. त्या वेळ पाहत नव्हत्या, प्रत्यक्ष किती दिसते ते पाहत होत्या. आपले मुनिमहाराज ईर्यासमिती पाळतात, चार हात जमीन पाहून, दिवसाउजेडी पाऊल टाकतात. तेही तेच, दुसऱ्या जिवाला आपल्यामुळे इजा होऊ नये. गाडीच्या त्या डोळ्याला उजेड मोजता येतो. मागचा माणूस मला पाहू शकतो का, हा प्रश्न त्याला पडत नाही. तो आपल्यालाच पडला पाहिजे.

मी बी.कॉम. झालेली बाई. माहेरच्या दुकानात बेरीज मशीनवर केली तरी वडील प्रत्येक आकड्यावर पेन्सिलने टिक करायला लावायचे. मशीन चुकत नाही, पण आकडा टाकणारा चुकतो, म्हणायचे. आणि मी त्या दिवशी मागे न पाहता "लागलेत" म्हणाले. माझ्या भरवशावर ह्यांनी स्वतःची शंका गिळली.

त्या संध्याकाळी मी ह्यांची क्षमा मागितली. क्षमावणीसाठी भाद्रपदाची वाट पाहायलाच हवी असे नाही. हे म्हणाले, "अगं, ऑटो वाईट नाही. रात्री डोळ्यांना बरेच पडते. पण हात मात्र आपलाच हवा."

एवढेच सांगायचे होते. आज गाडी सुरू करा, बटण ऑटोवर ठेवा आणि दिवसाउजेडी गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहा. लाल दिवे दिसतात का पाहा. नाही दिसले तर घरात गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना दाखवा. धुके असो, मुसळधार पाऊस असो, दिवे हाताने लावायचे.

आमच्याकडे आता नियमच झाला आहे. सकाळी धुके असले की मी शाल गुंडाळून गाडीच्या मागे जाते. हे आतून विचारतात, "दिसतंय का गं?" मी नीट पाहते, मग हो म्हणते.