पुढच्या सायकलीची वाट पाहताना
गुढियारीच्या पोती वाहणाऱ्या गाड्यांमधून सायकल काढणे हीच आमची गिरिभ्रमणाची पूर्वतयारी! येथे बदलून आल्यापासून दर रविवारी पहाटे आम्ही आणि आमचे साताऱ्याकडील एक शेजारी शहराबाहेरच्या मुरमाड वाटा धरीत असू. परतताना चहाच्या टपरीवर विषय एकच: दोन्ही चाकांना स्प्रिंग असलेल्या पहाडी सायकलीची पुढची फ्रेम कशी निघेल?

मागच्या चाकास स्प्रिंग देणे दिसते तितके सोपे नव्हे. पायडल दाबावे, तो थोडे बळ स्प्रिंगच गिळते. ब्रेक लावावा, तो तीच आखडते. हॉर्स्ट लायटनर या मूळच्या ऑस्ट्रियन गृहस्थांनी खालच्या दांडीत, आसाच्या किंचित पुढे सांधा घालून यावर तोड काढली. ते पेटंट १९९८ साली स्पेशलाइज्ड कंपनीने घेतले. आता मुदत सरल्याने युक्ती सर्वांस मोकळी आहे. आमचा कयास असा, की यापुढे गिअर मागच्या चाकावरून उठून पायडलांपाशी पेटीत बसतील. चाक हलके झाले, की खड्डा चटकन झेलील. शेजाऱ्यांस हे पटत नसे. ते फ्रेमचे वजन ग्रॅमग्रॅमने मोजीत.

गेल्या महिन्यात त्यांचे मणक्याचे दुखणे बळावले आणि डॉक्टरांनी धक्के वर्ज्य केले. टपरीवर ते अजून येतात, पायी. वजनाची गोष्ट आता काढीत नाहीत, एवढेच विचारतात, “नव्या फ्रेमचे मागचे चाक किती इंच वर उचलेल हो?”

आम्ही एखादा इंच वाढवूनच सांगतो.