कळ ओसरल्यावरचं मिनिट

मुलुंड-भांडुप पट्ट्यातल्या एका छोट्या प्रसूतिगृहात मी लेबररूमची सिस्टर होते. रात्री तिथे सिझरची सोय नव्हती. बाळ त्रासात आहे असं वाटलं तर बाईला रुग्णवाहिकेतून शीवच्या टिळक रुग्णालयात हलवायचं, आणि पावसाळ्यात एलबीएस रोड किती वेळ खाईल याचा नेम नाही. म्हणून बाळाचे ठोके बिघडल्यावर कळून आम्हाला भागत नसे, बिघडायला लागताच कळावं लागे.

कळ येते तेव्हा गर्भाशय आवळतं आणि वारेकडे जाणारं रक्त तेवढ्यापुरतं कमी होतं. धडधाकट बाळ पाण्यात बुडी मारून वर येणाऱ्या पोरासारखं ते निभावतं. दमलेल्या बाळाचे ठोके मात्र कळ भरात येऊन गेल्यावर खाली जातात आणि ती संपल्यावरही सावकाश वर चढतात. दोन कळांच्या मधे, बाई शांत पडलेली असताना ठोके मोजायचा डॉप्लर लावला तर मिनिटाला १४० दिसतील. ११० ते १६० मधे आहेत म्हणून कागदावर नोंद होईल, आणि नेमकं जे कळायला हवं होतं तेच सुटून जाईल.

भांडुपच्या टेकडीवरच्या वस्तीतून आलेली एक पहिलटकरीण अजून आठवते. तिचे मधले ठोके अगदी छान होते. मी पोटावर हात ठेवून कळ पूर्ण जाऊ दिली आणि त्यानंतर मिनिटभर ऐकत राहिले. ठोके ९६ वर आले, मग हळूहळू वर गेले. दुसऱ्या हाताने तिची नाडी धरली होती, कारण डॉप्लर कधीकधी आईचेच ठोके ऐकवतो. पुढच्या कळेलाही तेच. तिला डाव्या कुशीवर वळवलं, डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी तपासून नाळ खाली आलेली नाही याची खात्री केली. पाणी हिरवट होतं, म्हणजे बाळाने पोटातच शी केली होती.

“सिस्टर, बाळ ठीक आहे ना?”

“ठोके आहेत गं. पण कळेनंतर कमी होतायत. ऑपरेशनची सोय आहे तिथे आत्ताच जाऊ या.”

तिला खरं सांगितल्यावर ती घाबरली, पण हात घट्ट धरून कुशीवर पडून राहिली. विक्रोळी, घाटकोपर, कुर्ला मागे पडेपर्यंत मी प्रत्येक कळेनंतर ऐकत होते. सिझर झालं, आणि मुलगी टेबलावरच रडली.

मी ठोके ऐकायला शिकले ते पोटावर टेकवायच्या पिनार्डच्या भोंग्यावर. पिनार्ड या फ्रेंच डॉक्टरांनी तो १८९५ मधे प्रचारात आणला. नंतर डॉप्लर आला, ठोके आणि कळा सतत नोंदवणारी सीटीजीची पट्टी आली. जोखमीच्या बाळंतपणात ती पट्टी हवीच. पण सरसकट सगळ्यांना सतत लावली तर नवजात बाळांचे झटके कमी होतात, मृत्यू कमी झालेले दिसत नाहीत, सिझर मात्र वाढतात, हे अभ्यासांतून पुढे आलं आहे. सुखरूप चाललेल्या बाळंतपणात जागतिक आरोग्य संघटनाही थांबून थांबून ऐकायलाच सांगते: कळा जोरात सुरू झाल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी, जोर देताना दर ५ मिनिटांनी.

त्यासाठी ऐकणारं माणूस मोकळं लागतं. दोघी एकदम जोर देत असतील तर एकटी सिस्टर दर ५ मिनिटांनी दोन्ही बाळांचे ठोके आणि दोन्ही आयांची नाडी घेऊच शकत नाही. रात्रपाळीला दुसरी प्रशिक्षित सिस्टर द्या, असं मी नोकरीभर मागत आले, आणि निवृत्तीनंतरही जिथे बोलावतील तिथे हेच मागते.