शेजारच्या मेजावरचा गुणवंत

बँकांत संगणक येण्यापूर्वी दर महिनाअखेरीस शाखांमध्ये खतावण्यांचा ताळा जमविण्याचे काम चाले. शेकडो खात्यांच्या शिलकांची बेरीज सामान्य खतावणीतील एका आकड्याशी जुळावी लागे आणि ती पहिल्या प्रयत्नात क्वचितच जुळे. फरक निघाला की जाणते कारकून काही आडाखे लावीत. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर कोठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव अधिक. फरकाची निम्मी रक्कम एखाद्या नोंदीशी जुळली, तर ती नोंद जमेऐवजी नावे पडलेली असावी. परंतु या आडाख्यांहून खात्रीची रीत एकच होती. एकाने व्हाउचर मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने खतावणीत खूण करावी. ज्याने नोंद लिहिली त्यालाच ती तपासावयास दिली, तर त्याचा डोळा तीच चूक पुन्हा बरोबर म्हणून वाचतो. चूक दिसावयास दुसरा माणूस लागतो.

सहकारी कशासाठी असतो, याचे उत्तर या लहानशा रीतीत आहे. तिजोरीची एक किल्ली रोखपालाकडे आणि दुसरी अधिकाऱ्याकडे असते. दोघे हजर असल्याखेरीज ती उघडत नाही. वरवर पाहता ही व्यवस्था अविश्वासाची वाटते. प्रत्यक्षात ती प्रामाणिक माणसाचे रक्षण करते, कारण उद्या संशय आला तर त्याच्या सचोटीचा साक्षीदार जागेवरच असतो. भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाणवर्षात, म्हणजे 1974-75 साली, सर्व जैन संप्रदायांनी जे प्रतीक स्वीकारले, त्याच्या तळाशी तत्त्वार्थसूत्रातील एक सूत्र कोरलेले असते. जीव एकमेकांवर उपकार करीत जगतात, असा त्याचा आशय आहे. लग्नपत्रिकांवर व मंदिरांच्या प्रवेशद्वारांवर ते सहज दिसते. दुकानात आणि कचेरीत मात्र ते आचरणात आणणे कठीण जाते, कारण तेथे उपकार करावयाचा तो नेमका आपल्याच जागेवर डोळा असलेल्या माणसावर.

स्पर्धा वाईट आहे, असे व्यापारी समाजाला सांगणे व्यर्थ होय. स्पर्धेनेच भाव ठरतो, मालाची प्रत सुधारते आणि आळशी माणूस जागा होतो. पण बाजारातील जुनी माणसे हेही जाणतात की स्पर्धेला सहकार्याचा पाया लागतो. शेजारशेजारची दोन दुकाने दिवसभर एकाच गिऱ्हाइकासाठी झटत असली, तरी एकाकडे माल नसेल तेव्हा तो दुसऱ्याच्या दुकानातून मागवून गिऱ्हाईक राखले जाते आणि संध्याकाळी हिशेब पुरा होतो. ठेवींसाठी एकमेकींशी चुरस करणाऱ्या बँकांचे प्रतिनिधीही समाशोधनगृहात रोज एका छताखाली बसून धनादेशांची देवघेव करीत. परक्याशी स्पर्धा करताना इतका समंजसपणा दाखविणारा माणूस आपल्याच कचेरीतील, आपल्याच पेढीवरील सहकाऱ्याशी वागताना तो कोठे हरवून बसतो, हा खरा प्रश्न आहे.

संकटकाळी तो हरवत नाही. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री 500 व 1000 रुपयांच्या नोटा चलनातून काढल्याची घोषणा झाली. 10 तारखेस बँका उघडल्या आणि त्या आठवड्यात शनिवारी व रविवारीही चालू राहिल्या. त्या दिवसांत कर्ज विभागातील अधिकारी नोटा मोजावयास बसले, शिपायांनी रांगा सांभाळल्या, आणि कोणाची श्रेणी कोणती हे विचारावयास कोणाला सवड नव्हती. संकटात सहकार्य सोपे असते. तेव्हा वाटून घ्यावयास श्रेय नसते, केवळ काम असते. कसोटी लागते ती शांत दिवसांत, जेव्हा काम पुरे झालेले असते आणि श्रेय वाटावयाचे उरलेले असते.

एका जिल्ह्याच्या गावातील बँकेच्या शाखेत दोन कारकून होते. नोकरीतील ज्येष्ठता यादीत त्यांची नावे एकाखाली एक, आणि अधिकारीपदाच्या बढतीसाठी दोघेही इच्छुक. एके दिवशी त्यांपैकी जो रोखपालाच्या जागेवर बसला होता, त्याच्या रोकडीत 900 रुपये कमी आले. त्या काळच्या पगाराच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती. ती खिशातून भरावी लागली असतीच, शिवाय तुटीची नोंद बढतीच्या वेळी आडवी येण्याचे भय होते. बाकीचे लोक हळहळ व्यक्त करून घरी गेले. दुसरा कारकून मागे राहिला. फरकाला नऊने भाग जातो एवढ्या धाग्यावर त्याने दिवसभराची व्हाउचरे एकेक करून वाचावयास घेतली आणि रात्री उशिरा 5,400 रुपयांचे व्हाउचर शोधवहीत 4,500 असे उतरलेले सापडले. पैसे गेले नव्हते, अंक फिरले होते.

त्या वर्षी बढती रोखपालाला मिळाली. व्हाउचर शोधणाऱ्याला आणखी तीन वर्षे थांबावे लागले आणि त्या काळात आपल्याच जोडीदाराच्या सहीसाठी कागद पुढे करावे लागले. चांगुलपणाचे फळ लगेच पदरात पडते, अशी समजूत करून घेण्यात अर्थ नाही. घरच्यांनी त्याला भोळा म्हटले. त्याचे उत्तर एवढेच होते की फरक सापडला नसता, तर त्या रात्री आपल्यालाही झोप लागली नसती. सहकाऱ्याची खोटी तूट ज्याला स्वतःचा लाभ वाटत नाही, त्याने स्पर्धा सोडलेली नसते. त्याने तिची मर्यादा ओळखलेली असते. पुढच्या परीक्षेला तोही पूर्ण तयारीने बसलाच.

बढतीच्या यादीत मागून आलेला पुढे गेला की मनात जे खुपते, त्याला जैन परंपरेत मान कषाय म्हणतात. क्रोध, मान, माया आणि लोभ या चार कषायांपैकी क्रोध लगेच दिसतो आणि लोभ हिशेबात सापडतो. मान मात्र तत्त्वनिष्ठेचे वस्त्र पांघरून येतो. “मला पदाची हाव नाही, पण अन्याय सहन होत नाही,” असे तो म्हणतो. श्वेतांबर परंपरेत सांगितल्या जाणाऱ्या बाहुबलींच्या कथेचा रोख नेमका येथेच आहे. भरताशी झालेल्या युद्धात विजय हाताशी असताना बाहुबलींनी राज्य सोडले. वर्षभर ते कायोत्सर्गात उभे राहिले, अंगावर वेली चढल्या. तरी केवलज्ञान होईना. कारण त्यांचे अठ्ठ्याण्णव धाकटे भाऊ त्यांच्या आधी दीक्षित झाले होते. श्रमणसंघात ज्येष्ठता दीक्षेवरून ठरते, वयावरून नव्हे. पित्याकडे, म्हणजे ऋषभदेवांकडे गेल्यास वयाने लहान भावांना वंदन करावे लागेल, ही एकच गोष्ट आड येत होती. ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणींनी हत्तीवरून खाली उतरण्यास सांगितले, तेव्हा तो हत्ती कोणता हे त्यांना उमगले. वंदनासाठी जाण्याकरिता पाऊल उचलले मात्र, आणि केवलज्ञान प्रकट झाले. राज्याचा त्याग ज्याला जमला, त्यालाही ज्येष्ठतेच्या यादीचा त्याग इतका अवघड गेला, तेथे सामान्य नोकरदाराची काय कथा!

या रोगावर आचार्यांनी औषधही सांगून ठेवले आहे. मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावनांपैकी मैत्री व करुणा यांविषयी प्रवचनांत पुष्कळ बोलले जाते, प्रमोदाविषयी कमी. आपल्याहून अधिक गुणवान माणसाला पाहून होणारा आनंद म्हणजे प्रमोद. दुःखी माणसावर दया करणे तुलनेने सोपे, कारण दया करणारा वरच्या पायरीवर उभा असतो. शेजारच्या मेजावरील माणसाचा मसुदा आपल्यापेक्षा सरस आहे, त्याचा ताळा आपल्याआधी जुळतो, गिऱ्हाईक त्यालाच शोधत येते, हे पाहून आनंद होणे ही खरी साधना आहे. कृत, कारित आणि अनुमोदित अशी कर्माची तीन द्वारे मानणाऱ्या धर्मात, दुसऱ्याच्या सत्कार्याचे मनापासून अनुमोदन करणाऱ्यालाही त्या पुण्यात वाटा मिळतो. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलायचे, तर भांडवल न घालता मिळणारा हा नफा आहे आणि तरीही तो घ्यावयास फारच थोडे पुढे येतात.

जैन कुटुंबांत कामाचे ठिकाण म्हणजे पुष्कळदा घरचीच पेढी, आणि सहकारी म्हणजे सख्खे-चुलत भाऊ, जुने दिवाणजी व काउंटरवरील मुले. एक भाऊ गल्ल्यावर बसतो, दुसरा सुरत-इचलकरंजीहून खरेदी आणतो, तिसरा उधारीच्या वसुलीसाठी गावोगाव फिरतो. विक्री सर्वांना दिसते. वसुली दिसत नाही, कारण न बुडालेली उधारी नफ्याच्या रकान्यात वेगळी लिहिली जात नाही. मग रात्री घरी वडीलधाऱ्यांच्या तोंडी विक्री करणाऱ्याचेच नाव येते आणि वसुली करणारा गप्प राहतो. असे पाचसात दिवाळ्या चालले की एके दिवशी वाटणीचा विषय निघतो. बाहेरच्यांना तो पैशाचा वाद वाटतो. मूळ असते नोंद न झालेल्या श्रमांत. प्रत्येक नावे रकमेसमोर जमा हवी, हा द्विनोंदी पद्धतीचा नियम व्यापारी वहीत कसोशीने पाळतात. माणसांच्या बाबतीत तो मोडला, तर पेढीचा ताळेबंद वरून जुळला तरी आतून फरक राहतोच.

नोकरांना विक्रीवर प्रत्येकी वेगळे कमिशन ठेवले, तर गिऱ्हाईक दारात येताच ओढाओढ सुरू होते. बदलून घ्यावयास आलेल्या आजीबाईंकडे कोणी पाहत नाही आणि पसरलेल्या साड्या घडी करावयास कोणी उरत नाही. सगळे कमिशन सारखे वाटले, तर आळशी माणूस कष्टाळू माणसाच्या आडोशाला बसतो. शहाणा मालक दोन्हींचा मेळ घालतो: स्वतःच्या कामाचे थोडे, आणि दिवाळीस साऱ्या दुकानाच्या नफ्यातून अधिक. मोठ्या कंपन्याही हा धडा उशिरा शिकल्या. मायक्रोसॉफ्टमध्ये अनेक वर्षे प्रत्येक गटातील काही जणांना खालच्या श्रेणीत टाकणे वरिष्ठांना भाग असे. गुणी माणसे मग गुणी माणसांच्याच गटात जाणे टाळू लागली, कारण तेथे कोणीतरी मागे पडणारच. 2013 च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने ही पद्धत बंद केली. पुण्यातील संगणक कंपन्यांत नोकरीस असलेल्या जैन तरुण-तरुणींना ही गोष्ट नव्याने समजावून सांगावी लागू नये.

व्यवस्था मालकाच्या हाती असते. परंतु काही गोष्टी प्रत्येकाच्या हाती आहेत. आपल्याला येणारे काम शेजाऱ्याला शिकवून ठेवावे; एकट्यालाच येणाऱ्या विद्येने माणसाचे महत्त्व वाढत नाही, केवळ त्याची रजा नामंजूर होते. वरिष्ठांपुढे यश सांगताना ज्याने मदत केली त्याचे नाव त्याच वाक्यात घ्यावे. सहकाऱ्याची चूक आधी त्याला एकांतात सांगावी, कारण चूक सुधारणे आणि चूक गाजविणे यांत हिंसा-अहिंसेइतके अंतर आहे.

पर्युषणाच्या अखेरीस मिच्छामि दुक्कडम्‌चे संदेश आता भ्रमणध्वनीवरून क्षणात शेकडो जणांना जातात. त्यांतील बहुतेकांशी वर्षभरात बोलणेही झालेले नसते, मग दुखावणे तर दूरच. ज्याच्याशी रोज आठ तास संबंध येतो, ज्याची बढती सलली, ज्याचे श्रेय नकळत आपल्या नावावर जमा झाले, त्याच्यापर्यंत मात्र तो संदेश इतरांच्या गर्दीतूनच पोहोचतो. यंदा संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी कचेरीत किंवा पेढीवर गेल्यावर आधी त्याच्या मेजापाशी जावे आणि हात जोडून दोन शब्द तोंडाने बोलावेत. अंतर चार पावलांचेच असते.