खोटा रस्ता

‘स्वमग्न’ हा शब्द मी वर्गात अनेक वर्षे मोठ्या कौतुकाने वापरीत आलो. कवी स्वमग्न असतो, असे म्हटले की विद्यार्थी माना डोलवीत आणि वहीत उतरवून घेत. पुढे माझा भाचा चार वर्षांचा असताना डॉक्टरांनी त्याच्याविषयी तोच शब्द उच्चारला, आणि वर्गात तो माझ्या तोंडून निघेनासा झाला.

भाचा आता अकरा वर्षांचा आहे. आगगाड्यांचे वेळापत्रक त्याला तोंडपाठ. पण रस्ता ओलांडायचा म्हणजे संकट. गेल्या वर्षी टिळक रस्त्यावर मी घाईघाईने त्याचा हात ओढला. हॉर्नचा गलका सुरू होता. कानांवर हात दाबून तो भर रस्त्यात खाली बसला. माणसे जमली. “लाडावून ठेवलंय कार्ट्याला!” असे कुणीसे म्हणालेही. गंमत अशी की, मला राग आला तो त्या गृहस्थाचा नव्हे, भाच्याचा. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढे ताईने एका केंद्रात त्याचे नाव घातले. तेथे मुलांच्या डोळ्यांवर एक जाडजूड चष्मा चढवितात. आत हुबेहूब रस्ता दिसतो. मान वळवावी तिकडचे दृश्य दिसते, मोटारी अंगावर येतात. याला म्हणे ‘आभासी वास्तव’ म्हणतात! मी कपाळाला आठ्या घालून म्हटले, “ताई, आधीच हा आपल्या जगात दंग. त्यात आणखी एक खोटं जग कशाला?”

ताई शांतपणे म्हणाली, “अरे, खऱ्या रस्त्यावर त्याला एकदा तरी चुकायची सोय आहे का?”

मी निरुत्तर झालो. मग मास्तरी सवयीने वाचन सुरू केले. 1996 सालीच अमेरिकेत डोरोथी स्ट्रिकलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन स्वमग्न मुलांना असाच रस्ता दाखविला होता. ते अवजड शिरस्त्राण मुलांनी डोक्यावर घालू दिले आणि आतल्या मोटारी नजरेने टिपल्या. न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी बसची, दुकानाची, अशी कसलीतरी धास्ती घेतलेल्या नऊ मुलांना एका खोलीच्या भिंतींवर तेच प्रसंग दाखवून सराव दिला. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात नवांपैकी आठ जणांना खऱ्या प्रसंगाला तोंड देणे जमू लागले. दोन काय, नऊ काय, आकडे लहान खरे. पण आमच्या घरी मूल तरी एकच होते!

एकदा मीही तो चष्मा चढविला आणि पहिल्याच फेरीत बसखाली गेलो. भाचा जराही न हसता म्हणाला, “मामा, आधी उजवीकडे बघायचं. पुन्हा.”

त्या ‘पुन्हा’त ना राग होता, ना लाज. तो स्वतः किती वेळा चुकला असेल कोण जाणे. पण तेथे कुणी जमत नव्हते, कुणी हात ओढीत नव्हते.

काही महिन्यांनी आम्ही खऱ्या चौकात गेलो. दिवा हिरवा झाला, त्याने पाऊल टाकले, आणि एक स्कूटरवाला तांबडा दिवा तोडून सुसाट गेला. भाचा जागीच थिजला. “मामा, हा रस्ता चुकला,” तो म्हणाला. अगदी खरे! खेळातली वाहने नियम पाळीत. आमच्या शहरातली पाळीत नाहीत.

तेथल्या बाईंनी मग खेळात एक नाठाळ स्कूटरवाला आणला. पहिल्या दिवशी भाच्याने चष्मा काढून टाकला. बाईंनी आग्रह केला नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याने तो आपणहून मागितला. हळूहळू तो दिव्याबरोबर चाकांकडेही बघू लागला. नियम पाठ करणे त्याला येतच होते. नियम आणि जग यांचा मेळ बसतो की नाही, हे ताडून पाहणे तो त्या खोट्या रस्त्यावर शिकला. विचार करणे म्हणतात ते याहून निराळे काय असते?

परवा पुन्हा टिळक रस्त्यावर उभे होतो. या लेखाचा शेवट मनाशी जुळवीत, हिरवा दिवा दिसताच मी पाऊल टाकले. मागून माझा हात ओढला गेला. नाकासमोरून एक रिक्षा भर्रकन निघून गेली.

“मामा, चाकं थांबली नव्हती,” भाचा म्हणाला.

आम्हा दोघांपैकी स्वमग्न कोण, हे वाचकांनीच ठरवावे.